वेशीवर थांबणारे परब

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी, भर दुपारी, एका म्हातारीने मला आमटीच्या पळीने ठार मारलं. म्हातारी कॉम्प्युटरमधली होती, एवढंच त्यातल्या त्यात बरं. बाकी सगळं खरं होतं. मुलुंडचं आमचं घर, जेवणाचं टेबल, शेजारी खुर्ची ओढून बसलेली माझी मुलगी सई आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी असलेली मीना, म्हणजे माझी बायको.

झालं असं, की ज्या खेळाबद्दल मी सईला तिच्या लहानपणापासून थापा मारत आलो, तो खेळ नव्या कपड्यांत पुन्हा विकायला आलाय असं तिला कुठेतरी दिसलं. जादूगार, भालेवाले, जंगलं, डोंगरातली भुयारं, आणि त्यातून गावोगाव हिंडणारा आपला एक नायक. त्याने कुठे जायचं, कोणाशी काय बोलायचं, कोणाशी भांडायचं हे आपण ठरवायचं. सईने तो लॅपटॉपवर घातला आणि म्हणाली, दाखव आता. मी बाह्या वर केल्या. पहिल्याच गावाच्या तोंडाशी एक मडकं ठेवलेलं दिसलं. अशा खेळांत मडकं दिसलं की फोडायचं, आत काहीतरी मिळतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. फोडलं. आत मूठभर धान्य आणि कसलीशी फुलं निघाली. तेवढ्यात घंटा वाजायला लागली, सगळं गाव धावून आलं आणि सगळ्यांच्या आधी पोचली ती अंगणात आमटी ढवळत बसलेली म्हातारी.

"बाबा," सई म्हणाली, "तू अजून गावात शिरला पण नव्हतास."

मीनाला तो खेळ कळत नाही, पण मला ती पुरती ओळखते. ती म्हणाली, परबांना बोलाव.

परब असते तर मडकं फुटलं नसतं हे खरंच होतं. परब असते तर मी अजून त्या मडक्याच्या अलीकडे हात जोडून उभा असतो.

साकीनाक्याला आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे खाली पॅकिंगची यंत्रं जोडणारा गाळा, आणि वर लोखंडी जिन्याने जायचं ऑफिस. मी खरेदी बघायचो, श्रीधर परब ड्रॉइंग बघायचे. वयाने ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, उंच, काटक. शर्टाच्या कॉलरमध्ये घडी घातलेला रुमाल आणि कानावर पेन्सिल. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर व्हायला लागून जमाना झाला होता, त्या पेन्सिलीला काही काम उरलं नव्हतं. पण ती काढून ठेवली तर कान मोकळा मोकळा वाटतो, असं ते म्हणत. गाव मालवणकडचं. गोरेगावला दिंडोशीच्या एका वसाहतीत ते आणि त्यांची थोरली बहीण, बायोताई, असे दोघंच राहायचे. लग्न दोघांनीही केलेलं नव्हतं. का, ते विचारायची ऑफिसात कोणाची छाती नव्हती. बायोताईंना विचारायची तर अख्ख्या गोरेगावात नव्हती.

मालकांचा मुलगा शिकायला परदेशी गेला तेव्हा ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर हा खेळ तसाच सोडून गेला. संध्याकाळी सुटून बाहेर पडलं की नाक्यावरच्या गर्दीत तासभर एका जागी उभं राहावं लागायचं. त्यापेक्षा तो तास वरच बसून काढावा, असा शहाणपणाचा विचार करून मी खेळायला लागलो. परब मागच्या टेबलावर कागद आवरत असत. पहिले काही दिवस ते नुसतं बघत होते. मी गावात शिरायचो, मार खायचो, मरायचो. पुन्हा शिरायचो, पुन्हा मरायचो. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"लेले, थांब जरा," ते म्हणाले. "हा गाव कोणाचा?"

मी म्हटलं, कोणाचा म्हणजे, कॉम्प्युटरचा.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कोकणात गाव माणसांचं नसतं, राखणदाराचं असतं. वेशीवर त्याची जागा असते. कुठे झाड असतं, कुठे नुसता दगड. परक्या माणसाने आधी तिथे थांबायचं, मी अमुक, तमुक कामाला आलोय, असं सांगायचं, मग आत पाऊल टाकायचं. न सांगता शिरलास तर गावकरी सोड, गावची कुत्रीसुद्धा ओळख देत नाहीत. आणि खरोखर, पडद्याच्या कोपऱ्यात वेशीशी एक उभा दगड होता आणि त्याच्यापुढे ते मडकं. इतके दिवस मी त्याला नुसती सजावट समजत होतो. परबांनी नायकाला दगडासमोर उभं केलं आणि नमस्काराचं बटण दाबलं. दारावरचा जो भालेवाला मला रोज भोसकायचा, तो बाजूला झाला आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारू लागला.

त्या दिवसापासून खेळ त्यांचा झाला आणि मी शेजारी बसणारा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. परब त्याला 'राखण' म्हणायचे. "आज राखणीला बसणार काय?" असं जाता जाता विचारायचे, आणि खालच्या गाळ्यातल्या लोकांना वाटायचं आम्ही कंपनीवर पहारा करतो.

परबांचं म्हणणं असं, की हा खेळ ज्या गोऱ्याने लिहिला त्याच्या शेजारी कोणीतरी कोकणातला राहत असणार. टोकदार कानांचे, उंच, कोणाशी फारसं न बोलणारे लोक दिसले की म्हणत, हे वरच्या वाडीतले. डोंगर फोडून हत्यारं घडवणारी बुटकी माणसं दिसली की म्हणत, ह्यांचा होळीला पहिला मान असणार, विचारून बघ. नायक एखाद्या देवळात शिरला की आधी आम्हाला ऑफिसात चपला काढाव्या लागायच्या. मी एकदा म्हटलं, परब, देऊळ पडद्यावर आहे. ते म्हणाले, बघतोयस तर तू इथून ना? मग तू इथे काढ.

सगळे अंदाज बरोबर यायचे असं मुळीच नाही. खेळात दलदलीत राहणारी एक जात होती. हिरवट कातडीची, चिखलाने माखलेली, आजूबाजूला धुराचे खड्डे. त्यांना मारलं की भरपूर गुण मिळायचे आणि जगभरचे लोक त्यांना मारतच पुढे जात असणार. परबांनी साफ नकार दिला. ही खाडीतली माणसं आहेत, म्हणाले. ह्यांचं गाव आधी होतं, धूर नंतर आला. माहुलला, त्या तेलाच्या कारखान्यांशेजारी, जाऊन ये, म्हणजे कळेल. वास येतो म्हणून कोणी माणसाला मारतं काय? आणि नायकाची तलवार म्यानात घालून, हातात मिठाची पिशवी घेऊन ते त्यांच्याशी व्यापार करायला गेले. चावले ते. पुन्हा गेले, पुन्हा चावले. कितीतरी संध्याकाळी आमचा नायक मीठ घेऊन जायचा आणि मरून परत यायचा. त्या जातीला बोलायची सोयच खेळात नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याही आलं असणार. पण तलवार त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही. दलदलीला मोठा वळसा घालून जायचा रस्ता त्यांनी शोधला आणि कंपनीच्या ड्रॉइंगच्या कागदावर त्या सगळ्या मुलखाचा नकाशा काढला. त्यात दलदलीवर लिहिलं होतं, 'ह्यांच्याशी अजून ओळख नाही'. खाली उजव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे तपासणाऱ्याची सही.

मग कौलाचं प्रकरण. गावाला काही मोठा निर्णय असला की देवीला कौल लावतात, म्हणजे मूर्तीच्या दोन बाजूंना ओले तांदूळ चिकटवतात आणि कुठल्या बाजूचा आधी पडतो ते बघतात. खेळात दर थोड्या वेळाने रस्ते फुटायचे. डावीकडे जायचं की उजवीकडे? परबांनी डब्यातली भाताची शितं घेतली, मॉनिटरच्या दोन अंगांना चिकटवली आणि हात जोडून बसले. डावीकडचं पडलं. डावीकडे गेलो. पुढच्या फाट्यावर पुन्हा डावीकडचं. महिनाभर आम्ही त्या मुलखात डावीकडेच वळत राहिलो आणि फिरून फिरून त्याच एका तळ्यापाशी यायचो. तिथला कोळी आम्हाला नावाने ओळखायला लागला. शेवटी एका संध्याकाळी माझं लक्ष टेबलफॅनकडे गेलं. तो डावीकडे होता. शितं त्या बाजूने आधी वाळायची आणि गळून पडायची. मी हे परबांना जरा भीतभीतच सांगितलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, पंखा तिथे कोणी ठेवला? मी म्हटलं, मीच. "मग काय," ते म्हणाले, "तुझ्या हातून ठेवून घेतला असणार." दुसऱ्या दिवशी पंखा उजवीकडे होता. आम्ही त्यावर बोललो नाही.

असा हा माणूस स्वतःच्या गावाला मात्र जात नव्हता. हे मला बायोताईंकडून कळलं. एकदा ऑफिसच्या कामाने दिंडोशीला त्यांच्याकडे गेलो होतो. परब मला खेळातल्या कुठल्याशा वेशीबद्दल उत्साहाने सांगत होते आणि बायोताई फडक्याने टेबल पुसत होत्या. त्या पुसता पुसता थांबल्या.

"थय देवीक देवळात बसवन ठेवलंस," त्या भावाला म्हणाल्या, "आनी हय लोकांच्या येशी धुंडाळतंस."

परब उठून गॅलरीत गेले. मग बायोताईंनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या गावच्या जत्रेला देवीची पालखी निघायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने पुढे उभं राहून गावाच्या वतीने देवीशी बोलायचं. कोणाकोणाला सांभाळ, काय चुकलं ते पोटात घाल, असं. ते झाल्याशिवाय पालखी हलत नाही. हा मान परबांच्या घराचा. आधी वडील घालायचे, मग श्रीधर. ते दरवर्षी मुंबईहून रजा काढून जायचे. एका वर्षी त्यांची एसटी घाटात अडकली. पालखी खांद्यावर घेऊन लोक खोळंबले, तेव्हा गावातच राहणारा त्यांचा चुलतभाऊ गणू पुढे झाला आणि गाऱ्हाणं घालायला लागला. तो वर्षभर देवीची सेवा करायचा, देवळात झाडलोट करायचा, त्यालाही वाटत असणार की आपला काही हक्क आहे. गाऱ्हाणं अर्ध्यावर असताना परब पोचले. पायांत बूट, हातात बॅग. आणि बॅग खाली न ठेवता म्हणाले, बंद कर.

खांद्यावरची पालखी परत खाली ठेवली गेली. ती त्यानंतर बाहेर निघाली नाही. गणू म्हणाला, मी सुरू केलं ते मीच पुरं करणार. परब म्हणाले, मान थोरल्या घराचा. गाव म्हणालं, तुम्ही दोघं ठरवा. गावच्या लेकी, म्हणजे माहेरवाशिणी, जत्रेला येऊन पालखीपुढे देवीची ओटी भरत. त्या यायच्या बंद झाल्या. बायोताई दरवर्षी ओटीचे खण-नारळ आणून ठेवत आणि जत्रा झाली की नारळ फोडून सोलकढी करत.

त्या म्हणाल्या, ह्येका सगळ्या गावांचे रीतीरिवाज म्हायत असत. आणि पुन्हा टेबल पुसायला लागल्या.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी खेळात शिंगाचं गाव आलं. डोंगरातलं एक गाव, तिथे दोन घराणी. हिवाळा संपला की उत्सवात एक मोठं शिंग फुंकायचं आणि ते फुंकलं की डोंगरावरचा देव जागा होतो. कोणी फुंकायचं यावरून दोन घराण्यांत वाद. गावकऱ्यांनी आमच्या नायकाला मध्यस्थी करायला सांगितलं. आमच्या नायकाला तोवर थोरल्या घराण्याने पोटाशी घेऊन आपलं नाव दिलेलं होतं, म्हणजे मध्यस्थ कसला, तो एका बाजूचाच. पडद्यावर दोन उत्तरं आली. थोरल्यांना द्या, धाकट्यांना द्या. मी परबांकडे बघितलं. त्यांनी एक क्षणही लावला नाही. थोरल्यांना. थोरल्यांनी शिंग फुंकलं. धाकट्यांनी बोचकी उचलली आणि पोराबाळांसकट गावाबाहेर चालायला लागले. अर्ध्या गावातले दिवे मालवले. परब म्हणाले, जाऊंदेत. पण पुढे जेव्हा जेव्हा त्या बाजूला जायची वेळ आली, तेव्हा ते गाव टाळून खालच्या वाटेने गेले, मग भले ती वाट दुप्पट लांबची असो.

कंपनी पुढे वसईला गेली. परब निवृत्त झाले. मी दुसरीकडे लागलो. सणाला फोन व्हायचे, त्यात दोघांच्या गुडघ्यांची चौकशी असायची.

म्हणून मीनाने परबांना बोलाव म्हटल्यावर मी लगेच फोन केला आणि म्हातारीने मला कसं मारलं ते सांगितलं. परबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मडकं फोडलंस? मी हो म्हटलं. म्हणाले, रविवारी येतो.

तेव्हापासून रविवारी दुपारी परब आणि बायोताई आमच्याकडे यायला लागले. बायोताई आणि मीना आत बसून जगातल्या सगळ्या लोकांची उणीदुणी काढायच्या आणि बाहेर टेबलावर आम्ही तिघं. लॅपटॉपची कळ सई दाबायची, शेजारी परब, आणि त्यांच्या शेजारी, जरा मागे, मी. माझी जागा खेळात बदललेली नव्हती. परबांची नजर अधू झाली होती. सई त्यांना सगळं वाचून दाखवायची. ते तिला सांगायचे, हे वरच्या वाडीतले, ह्यांच्याशी सांभाळून. सई म्हणायची, काका, यांना एल्फ म्हणतात. ते म्हणायचे, म्हणूंदेत. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी बघितलं, तर सईच्या चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या होत्या.

शिंगाच्या गावाला यावेळी वळसा घालता आला नाही. सईला तो भाग बघायचा होता. उत्सव, दोन घराणी, टेबलावर शिंग, सगळं तसंच होतं. आमच्या नायकाला थोरल्यांनी नाव दिलेलं होतंच. गावकऱ्यांनी विचारलं, आता तुम्हीच सांगा.

सईने उत्तरं वाचली. थोरल्यांना द्या. धाकट्यांना द्या. आणि तिसरं वाचलं.

"तिसरं नाही," परब म्हणाले.

"आहे ना काका. हे बघा, खाली."

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. तिसरी ओळ होती. साकीनाक्याच्या त्या मॉनिटरचा खालचा बोटभर भाग कायमचा काळा होता. त्यावर ड्रॉइंगची चौकट दिसायची नाही, म्हणून परब स्वतःच चिडायचे. इतकी वर्षं ती ओळ त्या काळ्या पट्टीखाली होती आणि आम्हाला वाटत होतं की उत्तरं दोनच आहेत. तिसऱ्या ओळीत आमचा नायक म्हणत होता: शिंग त्यांना फुंकू द्या. मी आमच्या घराण्याचा, पण मी मागे उभा राहतो.

सईने विचारलं, हे दाबू? परबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग बायोताईंना हाक मारली, म्हणाले, चल, निघूया. चहा टाकलेला होता, तोसुद्धा घेतला नाही. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेलो. बायोताई माझ्याकडे बघत होत्या, काय झालं म्हणून. मी म्हटलं, बहुतेक डोळे दुखतायत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांचा फोन आला. मला नको, सईला दे, म्हणाले. सईने मध्यंतरी ती तिसरी ओळ दाबून पाहिली होती. त्यांना तेच विचारायचं होतं. मी कान लावून ऐकत होतो.

ती म्हणाली, धाकट्यांनी शिंग फुंकलं, काका. सगळे नाचले. मग सकाळ झाली.

परबांनी विचारलं, आणि आपल्याला काय मिळालं?

"काहीच नाही. गुण पण नाही वाढले."

"काहीच नाय?"

"तलवारीला धार पण नाही."

परब म्हणाले, "मग बरोबर असा." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. दोनदा काहीतरी कारण सांगितलं, मग कारणही सांगेनासे झाले. दिवाळी झाली. आणि एक दिवस बायोताईंचा फोन आला. त्यांना फोनवर मोठ्याने बोलायची सवय आहे, त्यामुळे मीनाला खोलीच्या पलीकडूनही सगळं ऐकू येत होतं. यंदा पालखी भायर येतली, म्हणाल्या. दोघंही या. मी विचारलं, आणि गाऱ्हाणं? त्या म्हणाल्या, गणू घालतलो. मी विचारलं, आणि परब?

"तो पाठी उभो रवतलो म्हणता." मग हळू आवाजात म्हणाल्या, "बघूया."

ते कसं ठरलं ते त्यांनीच सांगितलं. परबांनी एका सकाळी गणूला फोन केला. चहाला आधण येईपर्यंत फोन झालासुद्धा. दोघांनीही एकमेकांना तब्येतीचं काही विचारलं नाही.

आम्ही गेलो. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती, दिवेलागणीची वेळ. देवळापुढचं अंगण सारवलेलं, पालखी सजवून ठेवलेली, भोई तयार. माहेरवाशिणी एका बाजूला ओट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आता आज्या झालेल्या, आणि त्यांच्या मध्यभागी बायोताई. गणू पुढे उभा राहिला. वाळकुडा म्हातारा, नवं कोरं धोतर, हातात नारळ. परब कुठे दिसेनात. मग दिसले. अगदी मागे, जिथे लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या, तिथे. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गणूने सुरू केलं. गे आई, तुझी लेकरा तुझ्या पायाशी इली हत. दर वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा." परबही म्हणत होते, पण प्रत्येक वाक्याच्या आधी त्यांचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात गणूच्या आधी तयार असे, आणि ते गिळून ते नुसतं व्हय म्हाराजा म्हणत. गणू अडखळत होता, पण जात होता. मुंबईक गेलेली लेकरा, त्यांका सुखी ठेव. व्हय म्हाराजा. मग चार वेशींच्या चार राखणदारांची नावं घ्यायची होती. पहिल्याचं घेतलं. दुसऱ्याचं घेतलं. तिसऱ्याचं घेतलं. आणि गणू थांबला.

त्याला चौथं नाव आठवेना. त्याने नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. ढोलवाल्याने काठी वर धरली होती, ती तशीच वर राहिली. नाव कोणाला माहीत आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी मान वळवली नाही, पण सगळ्यांचं लक्ष चपलांच्या बाजूला होतं. बायोताई बायकांच्या घोळक्यातून भावाकडे एकटक बघत होत्या. नाव मागून नुसतं सांगायचं होतं, एवढंच. पण ते सांगितलं असतं तर गाऱ्हाणं मग कोणी घातलं, हा प्रश्न पुन्हा पालखीपुढे येऊन उभा राहिला असता. परबांचे ओठ हलले. नाव ओठांवर आलेलं मला शेजारून दिसलं.

"व्हय म्हाराजा," परब म्हणाले.

वाक्य पुरं झालेलं असावं तसे म्हणाले, शांतपणे, नेहमीच्या पट्टीत. मी शेजारीच होतो, विचार न करता मीही जोरात म्हणालो, आणि मग सगळ्या गावाने म्हटलं. गणूने श्वास घेतला, पुढचं वाक्य धरलं आणि नीट शेवटपर्यंत गेला. ढोल वाजला. पालखी खांद्यांवर चढली. बायोताई ओटी घेऊन पुढे झाल्या, आणि त्यांना पुढे जायला बाकीच्या बायकांनी वाट करून दिली.

पालखी देवळाच्या उजवीकडून निघाली. सगळा गाव तिच्या मागे गेला. मी परबांना शोधायला वळलो तर ते माझ्या शेजारी नव्हते. त्यांनी कुठूनसा एक नारळ घेतला होता आणि उलट्या दिशेने, शेतांच्या बांधावरून, एकटेच निघाले होते. तिकडे कोणाची घरं नव्हती. तिकडे चौथी वेस होती. नाव घ्यायचं राहिलं होतं, ते तिथे जाऊन घेणार असतील. मी मागून हाक मारणार होतो, पण मारली नाही. अंधार पडायला लागला होता. बांध संपतो तिथे ते थांबले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि झाडांत शिरले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. ते आणि बायोताई मग गावालाच राहिले. दिंडोशीची जागा बंद आहे, आणि गावात फोनला रेंज मिळायला म्हणे विहिरीपर्यंत जावं लागतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मीनाला हे सगळं माझ्या पद्धतीने समजावून सांगत होतो. मान काय, राखण काय, काळ्या पट्टीखालची ती ओळ काय. चिपळूण येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

मग म्हणाली, "तो गणू जे बोललाच नाही, त्यालासुद्धा तू केवढ्या मोठ्याने हो म्हणालास. घरी मी अख्खं वाक्य बोलते, तर तुझं हूं पण येत नाही."